शाळा आत्यानं बघितली

सीबीडी, ८ जानेवारी २०२५

रुतिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलं असशील, तर आधी त्याबद्दल आभार मानते.

वरदच्या दुसऱ्या वाढदिवसाला तू पार्सल पाठवलं होतंस. बाबांनी ते हातसुद्धा न लावता परत पाठवलं. पोस्टमन अंगणात होता तेवढ्यात मी पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा फोटो काढला. तोच पत्ता लिहिते आहे. तू घर बदललं असशील तर हे पत्र मला परत मिळेल, म्हणून मागे घरचा नाही, ऑफिसचा पत्ता घातला आहे. मी आता सीबीडीला एका वकिलांकडे टायपिंगला जाते. चार वर्षं झाली. आत्ता जेवणाची सुट्टी आहे, आणि मी डबा बाजूला ठेवून लिहिते आहे.

कामाचंच सांगते. तुझ्या दादाची बदली झाली. तळोज्याची कंपनी त्याला तीन वर्षांसाठी रॉटरडॅमला पाठवते आहे, तिथल्या बंदराजवळच्या कारखान्यात. ऑगस्टमध्ये जायचं. तू तिथंच आहेस हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही.

मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे. ईश्वरी दहाची झाली, पाचवीत आहे. तू तिला कडेवर घेऊन सबमिशनच्या फायली लिहायचीस ती. वरद सात वर्षांचा, दुसरीत. कंपनी म्हणते इंग्रजी इंटरनॅशनल शाळेत घाला, सगळे तिथंच घालतात. दुसरं एक कुटुंब तिथून परत आलंय, त्यांच्या मते घराजवळच्या डच शाळेत मुलं लवकर रुळतात. नेटवर वाचून वाचून माझं डोकं फिरलंय. तिथं राहणारं, मुलांना ओळखणारं कुणी नाही. मुलांना ओळखत नसशील तरी तू त्यांची आत्या आहेस.

दादाला हे पत्र माहीत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

वैशालीवहिनी

---

सीबीडी, ३ फेब्रुवारी

रुतिका,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. सरांच्या कोर्टाच्या टपालात आलं होतं. मी ते घेऊन बाथरूममध्ये जाऊन वाचलं. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या.

"कंपनीची शाळा चांगली आहे म्हणतात. पण कुणासाठी चांगली, ते मूल बघून ठरतं. मुलं कशी आहेत ते लिही. कशावर हसतात, कशाला घाबरतात. मार्क नकोत."

आमची कुणाची खुशाली विचारली नाहीस. ते बरोबरच आहे.

तर ईश्वरी. हिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. सोसायटीच्या बॅडमिंटनच्या जागेत लोक गाड्या लावायला लागले, तर हिनं सेक्रेटरींना अर्ज लिहिला आणि खाली चौदा मुलांच्या सह्या घेतल्या. सेक्रेटरी तिला म्हणाले, "बाळा, तू घरी जाऊन अभ्यास कर." ही म्हणाली, "अभ्यास झाला, काका. तुम्ही उत्तर कधी देणार?" गाड्या अजून तिथंच आहेत, पण सेक्रेटरी हिला बघून दुसऱ्या लिफ्टनं जातात. ती तुझ्यावर गेली आहे असं आई एकदा बोलून गेल्या आणि मग उठून भांडी लावायला लागल्या. घाबरते फक्त इंजेक्शनला.

वरद नकाशे काढतो. कामोठ्याहून नावड्याला आजोबांकडे जातो तो सगळा रस्ता त्यानं मनानं काढलाय, प्रत्येक स्पीडब्रेकरसकट. कुठल्या वळणावर रसवंती आहे, कुठे कुत्री बसतात, सगळं. एकदा रस्त्याच्या कामामुळे रिक्षावाला आम्हाला भलतीकडून घेऊन गेला, तेव्हा वरदनंच खुणेनं वाट दाखवली. जरा लाजाळू आहे. बाकी काही नाही.

तू मुलांबद्दल विचारलंस हे वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. आतापर्यंत ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी फक्त टक्के विचारले.

वैशालीवहिनी

---

सीबीडी, १२ मार्च

रुतिका,

आज दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही मी आधीच सांगायला हव्या होत्या.

पहिली वरदची. तो लाजाळू नाही, त्याची जीभ अडखळते. साडेतीन वर्षांचा असल्यापासून. 'व' आणि 'म' वर जास्त. म्हणजे स्वतःचं नाव आणि 'मम्मी', दोन्ही. पनवेलच्या बाईंकडे स्पीच थेरपीला जातो, खूप फरकही पडलाय, पण नवीन माणसासमोर पुन्हा तेच होतं. तुला हे लिहिलं नाही, कारण मी कुणालाच सांगत नाही. इथल्या शाळेतसुद्धा पहिलीत अर्धं वर्ष सांगितलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात इंटरनॅशनल शाळेनं लॅपटॉपवर दोघांची मुलाखत घेतली. ईश्वरीनं तर त्यांनाच विचारलं, तुमच्या शाळेत मुलांची तक्रार कोण ऐकतं. मग वरद बसला. बाईंनी नाव विचारलं. तो 'व' वर अडकला. मान ताणली, डोळे मिटले, तरी सुटेना. बाई चांगल्या होत्या, हसून म्हणाल्या राहू दे, पुढचा प्रश्न घेऊ. पण त्याला नावच सांगायचं होतं. त्या पुढं गेल्या आणि तो मागंच राहिला. नंतर काही बोललाच नाही.

परवा ईमेल आली. ईश्वरीला प्रवेश आहे. वरदसाठी यंदा त्यांच्याकडे लागेल ती मदत द्यायची सोय नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. त्यांनी सरळ लिहिलं, त्यांना दोष देत नाही. पण दादाचा तोल गेला. वरदला म्हणाला, "स्वतःचं नाव तरी सांगता येत नाही का तुला?" बोलल्याबरोबर त्याचाच चेहरा पडला. पण बोलून झालं होतं. आज तिसरा दिवस, वरद घरात मानेनंच हो-नाही करतो. बदली रद्द करायची म्हणून दादा काल एचआरला भेटून आला.

आता दुसरी गोष्ट. वरदसाठी तुझ्याकडे काही मागायच्या आधी ही सांगणं भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी सूरजचे मेसेज बाबांना मी वाचून दाखवले.

तुला वाटत असेल शेजारच्यांनी चुगली केली, किंवा दादानं. नाही. तू फोन चार्जिंगला लावून आंघोळीला गेली होतीस. मी उघडला, वाचला आणि ओटीवर बाबांकडे घेऊन गेले. मुलगा बौद्ध आहे हेही मीच सांगितलं. घराच्या इज्जतीसाठी केलं असं तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. माझं बीकॉमचं दुसरं वर्ष लग्नासाठी सुटलं. तुझ्या घरात आले, तर तू रोज सॅक अडकवून कॉलेजला निघायचीस आणि मी भाकऱ्या थापत तुला दारातून बघायची. माझ्याच्यानं ते बघवत नव्हतं. एवढंच कारण होतं.

बाबा तुझं हॉलतिकीट कपाटात कुलूप लावून ठेवतील असं मला वाटलं नव्हतं. पण ठेवल्यावर मी काही बोललेही नाही. किल्ली कुठं असते ते मला माहीत होतं. शेवटच्या वर्षाचे दोन पेपर तू घरात बसून चुकवलेस, आणि तिसऱ्या पेपरच्या दिवशी घर सोडून गेलीस.

तुझं शिक्षण थांबवणारी मी, आणि आता माझ्या मुलाची शाळा तुला विचारते आहे. उत्तर दिलं नाहीस तर ते मला समजेल. दिलंस तर फक्त वरदसाठी दे.

वैशाली

---

कामोठे, १२ मे

रुतिका,

तुझं पाकीट येऊन दोन आठवडे झाले. हे पत्र मी घरी, डायनिंग टेबलाशी बसून लिहिते आहे. का ते पुढे सांगते.

तुझी पहिली दोन वाक्यं मला पाठ झाली आहेत. "तुझं पत्र मी तीन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग वरदसाठी बाहेर काढलं, तुझ्यासाठी नाही." तू असं लिहिलंस याचेही मी आभार मानते. लगेच माफ केलं असतंस तर मला खरं वाटलं नसतं.

आणि मग त्या नऊ पानांत तू काय काय केलंस ते वाचताना मी अधूनमधून थांबत होते. ऑफिसातून एक दिवस सुट्टी काढून तुझ्या घरामागच्या शाळेत जाऊन बसलीस. परदेशातून आलेल्या मुलांचा पहिल्या वर्षाचा वेगळा वर्ग बघितलास. एका बाकावर सीरियाची मुलगी, एकावर पोलंडचा मुलगा, एक ब्राझीलची, अशी तेरा मुलं, आणि डच कुणालाच येत नाही. तुला कंटाळा येईपर्यंत, मुलं हात धुवायला कशी जातात इथपर्यंत, तू सगळं लिहिलंस. मग तू त्या बाईंना वरदबद्दल काहीही न लपवता सांगितलंस. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात सगळेच अडखळतात. वर्षभर आम्ही तेच करतो. इथे तो एकटा नसेल."

ही ओळ मी तुझ्या दादाला वाचून दाखवली.

हो, सांगितलं त्याला. पत्रांबद्दल आणि नऊ वर्षांपूर्वीच्या फोनबद्दलही. तो उठून गॅलरीत गेला. आत आला आणि म्हणाला, "मला वाटायचं तिला वाटतं मी सांगितलं. म्हणून मी कधी फोन केला नाही." मग माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. ते मला चालण्यासारखंच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "ती शाळा किती वाजता सुटते म्हणाली?"

पाकिटातल्या तुझ्या नंबरवर मी मेसेज केला, आणि वरदसाठी तू बाईंच्या आवाजातला निरोप पाठवलास तो त्यानं अकरा वेळा ऐकला. त्यांनी आपलं नाव सांगितलं, वर्गात ससा पाळलाय ते सांगितलं, आणि त्याला विचारलं, "तुझं नाव काय?" तू मराठीत मागून सांगत होतीस. तुझा आवाज ऐकून ईश्वरी म्हणाली, "ही आत्या आपल्यासारखंच बोलते." वरद मोबाइल घेऊन खोलीत गेला आणि दार लावलं. बाहेर आला तेव्हा चार मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं होतं. चार मिनिटांत एकच वाक्य होतं, नाव आणि वय. मी कापून छोटं करणार होते. त्यानं हात धरला. म्हणून आहे तसं पाठवलं.

बाईंनी ते पूर्ण ऐकलं, असं तू मेसेजमध्ये लिहिलंस. पुढं ढकललं नाही, स्वतःचा जेवणाचा डबा समोर तसाच ठेवून चारही मिनिटं ऐकलं, आणि संपल्यावर "वरद" म्हणून त्याचं नाव नीट उच्चारून दाखवलं. रुतिका, मी त्याची आई आहे. मीसुद्धा कित्येकदा त्याचं वाक्य पूर्ण करून टाकते, घाईत. आता करत नाही. फार जड जातं, पण करत नाही.

ईश्वरीचं तू लिहिलंस तेही पटलं. ती हट्ट धरून बसली होती की वरद जिथं जाईल तिथंच मी, त्याला कोण सांभाळणार. मीही तयार झाले होते. तू लिहिलंस, "तिला भावाची राखण करायला शाळेत घालू नका. तिची शाळा तिची असू दे." तीन वर्षांनी तिला इथं नववीत यायचं आहे, तेव्हा ती इंग्रजी शाळेतच जाईल. ऐकून रडली, आणि मग विचारलं त्या शाळेत बॅडमिंटन आहे का. माझ्या लक्षात आलं, तिला तिथंच जायचं होतं.

तू शेवटी लिहिलंस की पुढच्या वर्षी तू परीक्षा दिलीस, सूरजच्या आईच्या कळंबोलीच्या घरात राहून, आणि सुमित्राबाई रोज सकाळी सहाला उठून तुझा डबा करायच्या. ते मला माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

वैशालीवहिनी

---

कामोठे, २६ मे

रुतिका,

तुझा नंबर आता आमच्या फोनमध्ये आहे, तरी हे लिहूनच सांगते. फोनवर मला जमलं नसतं.

काल आम्ही नावड्याला गेलो. बाबा मागच्या भाड्याच्या खोल्यांपाशी नळाचा वॉशर बदलत बसले होते. कंपनीचे भाडेकरू वाढलेत, दिवसभर पाण्याच्या तक्रारी येतात. मी आणि वरद तिकडे गेलो. वरदनं त्यांना शाळेचा फोटो दाखवला, तू पाठवलेला, सशासकट.

बाबा म्हणाले, "ही शाला कोनी बगली रं?"

मी उत्तर देणार होते, पण वरदनं तोंड उघडलं होतं, म्हणून थांबले. बाबाही थांबले. त्याला किती वेळ लागला सांगता येत नाही. नळ ठिबकत होता.

"आत्यानं," तो म्हणाला. "रु-रुतिका आत्यानं."

नऊ वर्षांत त्या अंगणात तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं. आई दारात आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. बाबांनी पान्हा खाली ठेवला. मला वाटलं आता उठून जातील. मग मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तू सुट्टी काढलीस, वर्गात बसलीस, ते. आणि मी तुझा फोन उघडला ते चूक होतं, तुम्ही हॉलतिकीट कोंडलंत तेही चूक होतं, असंही म्हणाले. बाबांशी मी कधी असं बोलले नव्हते.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग ती परीक्षा? कदी झाली का पुरी?"

"झाली," मी म्हटलं. "पुढच्याच वर्षी. फर्स्ट क्लासमध्ये."

"रायली कुटं?"

"सूरजच्या आईकडे. कळंबोलीला. त्यांनी रोज डबा करून दिला."

बाबांनी वॉशर बसवला. नळ सोडून बघितला, बंद केला, परत सोडला. मग आईंना म्हणाले, "आपन त्या बाईला कदी बगितलंबी न्हाय." आई म्हणाल्या, "तुमी बगू दिलं का?" लग्नाला चाळीस वर्षं झाली, आईंनी त्यांना उलट बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही निघताना बाबांनी माझ्याकडून तुझ्या पत्रातला सुमित्राबाईंचा पत्ता कागदावर लिहून घेतला.

वैशालीवहिनी

---

कामोठे, २१ जून

रुतिका,

आमच्या तारखेचं दादानं तुला कळवलंच असेल. तुम्ही दोघं फोनवर फक्त विमान, टर्मिनल आणि वजन एवढंच बोलता, पण रोज बोलता.

बाबा अजून कळंबोलीला गेलेले नाहीत. पत्त्याचा कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. शर्ट धुवायला टाकताना आई तो काढून ठेवतात आणि धुतलेल्या शर्टात परत घालतात. मी घाई करत नाही. तूही करू नकोस.

सामानाच्या पिशव्यांत बसून मी विचार करते की तुझे आभार कसे मानू. शाळा शोधून देणारी एजन्सीसुद्धा असते म्हणे, कंपनी देणार होती. त्यांनी आम्हाला यादी दिली असती. तू माझ्या मुलाला न भेटता ओळखलंस, माझ्यावर राग असताना. तो राग तुझा आहे, तो गेला की नाही हे मी तुला विचारणार नाही. तिथं आल्यावर तू बोलशील तेवढंच मी बोलेन. पण दुपारी अडीचला शाळा सुटली की वरद तुझ्या दारात उभा असेल, मी नोकरी शोधत असेन तोवर तरी, आणि हे तू स्वतःहून सुचवलंस. त्याचे आभार मी रोज मानत राहीन, तू नको म्हणालीस तरी.

आज सकाळी वरदच्या शाळेचा फॉर्म भरला, म्हणून हे पत्र. इंग्रजीतला पाठवलाय त्यांनी. दादा लॅपटॉप घेऊन बसला होता, मी शेजारी भाजी निवडत होते. जन्मतारीख, लसी, सगळं झालं. मग एक रकाना आला. आई-वडील सोडून मुलाला शाळेतून घरी नेऊ शकेल अशी व्यक्ती, तिचं पूर्ण नाव आणि मुलाशी नातं.

दादानं नातं आधी लिहिलं. मग नाव टाइप केलं, रुतिका गोवर्धन घरत. बघत बसला. 'गोवर्धन घरत' पुसलं. नुसतं 'रुतिका' राहिलं, आणि पुढं कर्सर लुकलुकत होता.

"वैशाली," तो म्हणाला, "हिचं आडनाव आता काय आहे?"

सख्ख्या बहिणीचं आडनाव विचारताना त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मला भाजीतून मान वर करवली नाही.

"साळवे," मी म्हटलं. "रुतिका सूरज साळवे."

त्यानं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, आणि त्यानं एकेक अक्षर लिहिलं.

वैशालीवहिनी